देवळगावच्या पुढचा चढ

गोंदियाच्या स्टेशनात पलीकडच्या रुळावर कोळशाची मालगाडी येऊन थांबली होती. तिरोड्याच्या वीज कारखान्याकडे जाणारी. धूळ उडू नये म्हणून वरून पाणी मारलेलं, आणि डब्यांच्या फटींतून काळं पाणी खडीवर टपकत होतं. बाकावर शेजारी बसलेल्या बाईनं नाकाला पदर लावला. मी तशीच बसून राहिले. मला तो वास घाण वाटत नाही. वाटला असता तर बरं झालं असतं.

मी केशोरीला निघाले होते. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान वारले, त्यांची तेरवी होती. आम्ही त्यांना भाऊजी म्हणायचो. ताई गेली आणि त्या घराशी आमचं येणंजाणं सुटलं ते सुटलंच. इतक्या वर्षांनी निरोप आला तेव्हा जावं की नको हे विचारायलाही घरात कुणी मोठं उरलं नव्हतं. मग मीच पिशवी भरली.

अर्जुनीची गाडी आली. विजेवरची, लांबलचक, आवाज न करता आलेली. खिडकीजवळ बसले आणि ओळखीची नावं एकामागून एक यायला लागली. हिरडामाली, गोंगली, सौंदड. नाव वाचेपर्यंत स्टेशन मागे पडायचं. माझ्या लहानपणी हीच नावं ओलांडायला सगळी सकाळ लागायची.

तेव्हा इथं छोटी लाईन होती. माणूस दोन्ही रुळांवर एकेक पाय ठेवून उभा राहू शकेल एवढीच तिची रुंदी. गोऱ्या साहेबाच्या काळात टाकलेली; जंगलातलं सागवान आणि खेड्यातलं धान बाहेर न्यायला टाकली, असं म्हातारी माणसं सांगायची. दुष्काळात माणसांनी खडी फोडून पोट भरलं ते याच रुळांसाठी, असंही सांगायची. साहेब गेला, सागवानही बरंचसं गेलं, गाडी मात्र तीच राहिली. लाकडी बाकांचे बुटके डबे, आणि पुढे ते काळं इंजिन. थंडीत त्याच्या अंगातून सगळीकडून वाफ गळायची. पहाटे गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीतल्या आमच्या घरात अंथरुणावर पडल्यापडल्या शेडमधला त्याचा आवाज ऐकू यायचा. एखाद्या दमेकऱ्यानं उठून बसावं आणि कुणाला हाक न मारता नुसता श्वास घेत राहावं, तसा.

बाबा त्या इंजिनावर फायरमन होते. ड्रायव्हर होते रहमतचाचा, गोंदियाचेच, पांढऱ्या दाढीचे, हिंदी बोलणारे. ड्रायव्हरनं समोरच्या रुळावर नजर ठेवायची आणि फायरमननं आगीत. बेलचा, म्हणजे मोठं फावडं, भरून कोळसा भट्टीत टाकायचा, दार लावायचं, वाफेच्या दाबाचा काटा बघायचा, पुन्हा दार उघडायचं. बाबांच्या भुवया कायम जळलेल्या असायच्या. इंजिनाच्या कुशीवर एक पितळी पाटी होती, ते इंजिन विलायतेतल्या ज्या गावी घडवलं त्याचं नाव कोरलेली. बाबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण विटेची भुकटी आणि तेलकट जुटानं घासून ती पाटी ते अशी लख्ख ठेवत की तिच्यात स्वतःचं तोंड दिसावं.

बाबा घरी आले की आधी वास यायचा. कोळसा, गरम तेल, घाम. माय त्यांचे कपडे वेगळ्या घमेल्यात सोड्याच्या पाण्यात भिजत घालायची आणि त्या पाण्याला रात्रभरात शाईचा रंग यायचा. ते कपडे धुवायचे ताईनं. दगडावर कपडा आपटताना तिच्या बांगड्या वाजायच्या, आणि मधूनच थांबून ती कोपरानं केस मागे सारायची. हात सोड्यानं सोलपटलेले असत. रात्री ती हातांना जवसाचं तेल चोळून माझ्या अंथरुणात शिरायची आणि थंड पाय माझ्या पायांना लावायची. “सरक ना,” म्हणायची. मी सरकायची नाही. ती तशीच कडेला झोपायची.

शेडमध्ये डबा पोचवायला आम्ही दोघी जायचो. तिथं जमिनीत एक भलंमोठं लोखंडी चाक बसवलेलं होतं. इंजिन त्याच्यावर उभं करायचं आणि माणसांनी छाती लावून ते चाक फिरवायचं, की इंजिनाचं तोंड दुसरीकडे. राखेच्या खड्ड्याशी बाया बसलेल्या असत, चाळणीनं राख चाळून अर्धवट जळलेला कोळसा वेचत. बाबांची लहर असली तर ते बेलचा धुऊन त्यावर वांगी ठेवत आणि भट्टीच्या दारात धरत. इंजिनावर भाजलेल्या त्या वांग्याचं भरीत ताईला फार आवडायचं. लग्न ठरलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं होतं, “तिकडं गाडी जाते का?”

गाडी अर्जुनीपर्यंत जायची. तिथून पुढे केशोरी बैलगाडीनं. घर शेतकऱ्याचं, धानाची जमीन, माणसं सरळ. वरात गेली तीही आमच्याच गाडीनं. त्या दिवशी रहमतचाचांनी इंजिनाच्या पुढच्या दिव्याला झेंडूची माळ बांधली होती आणि बाबा नवा रुमाल डोक्याला बांधून भट्टीपाशी उभे होते. अर्जुनीला ताई उतरली. नव्या लुगड्यात तिला चालता येईना. बाबा इंजिनावरून उतरले नाहीत. काळ्या हातांनी पोरीचं लुगडं खराब होईल म्हणून वरूनच बघत राहिले. गाडी सुटली तेव्हा शिट्टी इतकी लांब वाजली की गार्डनं मागच्या डब्यातून डोकं बाहेर काढलं.

त्या गाडीच्या शेवटच्या डब्यात लाकडं विकणाऱ्या बाया असत. देवळगाव, अर्जुनीकडच्या रानातून वाळकं सरपण गोळा करायचं, मोळ्या बांधायच्या, गाडीनं गोंदियाला आणायच्या आणि दारोदार, हॉटेलांपुढे विकायच्या. गाडीत मोळ्या आणायला मनाई होती. त्यामुळे कधी गार्ड ओरडायचा, कधी तपासणीस आला की मोळ्या खाली फेकल्या जायच्या. फेकायला माणूस लागला की बाबांना हाक यायची, त्यांचे दंड भरदार म्हणून. मी स्वतः पाहिलंय. बाबा एकामागून एक मोळी उचलून दारातून बाहेर टाकत होते आणि बाया खाली खडीवर उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्यात इमलाबाई म्हणून एक होती. उंच, हाडकुळी, कपाळावर गोंदण. बाकीच्या बडबड करायच्या. ती फेकलेली मोळी उचलायची, सुटलेली लाकडं पुन्हा बांधायची आणि डोक्यावर घेऊन रुळाच्या कडेनं चालायला लागायची.

मी नववीत होते त्या पौषात ताईला पहिल्या बाळंतपणासाठी आणायला माय आणि मी केशोरीला गेलो. दिवस भरायला अजून अवकाश होता. बाबांनी ड्यूटी मागून घेतली होती. “माही पोरगी माह्याच गाडीत आली पायजे,” असं ते आठवडाभर म्हणत होते. गार्डला सांगून त्यांनी खिडकीजवळचा बाक राखून ठेवायला लावला होता.

उजाडायच्या आधी आम्ही केशोरीहून निघालो. बैलगाडीत तणसाची गादी केलेली, वर वाकळ. भाऊजी बैल हाकत होते. धान निघून गेलेल्या बांध्यांमध्ये लाखोरीचं पीक हिरवं झालं होतं आणि त्याच्यावर धुकं बसलेलं. वाटेत ताईच्या पोटात दुखायला लागलं. आधी ती हसली. गाडी हादरते म्हणून असेल, म्हणाली. मग तिनं माझं मनगट धरलं आणि ते अर्जुनी येईपर्यंत सोडलं नाही. उतरवलं तेव्हा तणस लाल झालं होतं.

अर्जुनीच्या दवाखान्यातली नर्सबाई स्टेशनावर धावत आली. तिनं ताईच्या पोटाला हात लावला, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली. “इथं नाही होणार. गोंदियाले न्या,” ती म्हणाली. “लवकर न्या.”

तेवढ्यात गाडी आलीच. भाऊजींनी ताईला उचलून डब्यात ठेवलं आणि दारातच घुटमळले.

“तुमी येत नाई?” मायनं विचारलं.

“बैलं कोनाच्या भरोशावर सोडू? उद्याच्या गाडीनं येतो,” ते म्हणाले. ताईकडे न बघता म्हणाले. मग खाली उतरले.

बाबा इंजिनावरून धावत आले. पोरगी हसत, पिशवी घेऊन येईल अशी त्यांनी वाट पाहिली असणार. त्यांनी ताईच्या कपाळावर हात ठेवला, क्षणभरच, आणि परत पळाले. त्यांचा काळा पंजा तिच्या कपाळावर उमटला. माय पदरानं पुसायला गेली.

“राहू दे,” ताई म्हणाली.

देवळगाव सोडलं की जंगल दाट व्हायचं आणि लाईन चढाला लागायची. या चढावर इंजिनाचा आवाज बदलायचा. एरवीची लय सुटायची आणि एकेक ठोका वेगळा ऐकू यायचा. त्या दिवशी ठोके लांबत गेले. लांबत लांबत एक ठोका आला आणि पुढचा आलाच नाही. चाकं जागच्या जागी गरगरली, डबे एकमेकांवर आपटले आणि गाडी उभी राहिली. मग जी शांतता झाली तशी मी पुन्हा कधी ऐकली नाही. कुठेतरी एक भारद्वाज ओरडत होता. पुढे इंजिन नुसतं फुसफुसत होतं.

“पाहून ये काऊन थांबली,” मायनं मला पाठवलं.

मी रुळाच्या कडेनं पळत इंजिनाशी गेले. भट्टीचं दार उघडं होतं आणि बाबा लांब सळई आत घालून जळून दगड झालेले गोळे ओढून काढत होते. त्या वर्षी कोळसा वाईटच यायचा. बाबांच्या मिशीवरून घाम टपकत होता. आत ज्वाळा नव्हती, फक्त लाल भुगा होता.

“कोरसा नाई हा. माती हाये,” ते मला म्हणाले, की स्वतःला, कोण जाणे. झाडीबोलीत आम्ही ‘ळ’चा ‘र’ करतो. तो ‘कोरसा’ शब्द त्या आवाजात माझ्या कानात अजून आहे.

रहमतचाचा काट्याकडे बघत होते. “भाप नहीं बनेगी इससे,” ते हळू म्हणाले. “लकडी होती तो बात बनती.”

दोघंही एकदमच मागे वळले आणि शेवटच्या डब्याकडे बघू लागले.

बाबा खाली उतरून चालायला लागले. मी त्यांच्या मागे. वाटेत आमच्या डब्याची खिडकी आली. मायनं आतून त्यांच्याकडे पाहिलं. ते थांबले नाहीत. शेवटच्या डब्याच्या दारात बाया मोळ्यांना धरून बसल्या होत्या. बाबा येताना दिसले तशा त्या मोळ्यांच्या आणखी जवळ सरकल्या. इमलाबाई उठून उभी राहिली.

“आज नोको फेकू, बाबू,” ती म्हणाली. “लई लांबून आनली.”

“फेकाले नाई आलो,” बाबा म्हणाले. “मांगाले आलो.”

बायांचे हात मोळ्यांवरून निघाले नाहीत.

“माही पोरगी हाये पुढच्या डब्यात. बारतीन. रगत जाऊन राहिलं. अन इंजिनात आग नाई.” बाबांनी हात जोडले नाहीत. हात लोंबते ठेवून ते तसेच उभे राहिले. इतके मोठे हात, आणि त्यांना करायला काही नव्हतं.

एक तरणी बाई म्हणाली, “मंग आमी काय इकावं? घरी जाऊन काय सांगू?”

इमलाबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही. “पयलं हाये का?” तिनं बाबांना विचारलं.

“पयलंच.”

तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली आणि मोळी उचलली. “चाल. कुठं टाकाची ते दाखव.”

मग त्या सगळ्याजणी उतरल्या. ती तरणी बाईसुद्धा. गाडीच्या कडेनं, खडीवर अनवाणी, डोक्यावर मोळ्या घेऊन बायांची ती रांग इंजिनाकडे जाताना मी पाहिली. डब्यातली माणसं खिडक्यांतून बघत होती. कुणी दोघातिघांनी खाली उतरून हात लावला. इंजिनाजवळ बाबा आणि इंजिनावरचा खलासी कुऱ्हाडीनं मोळ्यांचे दोर तोडत होते आणि लाकडं भट्टीत कोंबत होते. धावडा, तेंदू, मोहाच्या वाळक्या फांद्या. आधी नुसता पांढरा धूर झाला. मग आत काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला आणि भट्टीचं तोंड पिवळं झालं. रहमतचाचा काट्याला बोट लावून उभे होते. चाकं घसरू नयेत म्हणून खलासी पुढे जाऊन मुठीमुठीनं रुळांवर वाळू टाकू लागला.

गाडी हलली. इमलाबाई आपल्या डब्याकडे गेली नाही. ती आमच्या डब्यात चढली. मायजवळ बसून म्हणाली, “सरक. मी पाहतो.”

बायांनी दोन लुगडी धरून आडोसा केला. मला खिडकीकडे तोंड करून बसायला सांगितलं. ताईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बाहेरून धूर आत येत होता, पण तो कोळशाचा नव्हता.

“चुलीसारखा वास येऊन राहिला,” ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा, घरातला होता. “माय, भात चढवला का?”

“चढवला,” माय म्हणाली.

सौंदड यायच्या आत मूल झालं. मुलगी. एवढीशी, निळसर, रडली तेही मांजरीच्या पिलासारखं. इमलाबाईनं तिला पालथी धरून पाठ चोळली, स्वतःच्या पदरात गुंडाळली आणि मायच्या छातीशी दिली. सौंदडला गाडी थांबली तेव्हा बाबा इंजिनातून कमरेइतके बाहेर झुकून मागे बघत होते. मायनं खिडकीतून ते गाठोडं उंच केलं. बाबांनी डोक्याचा रुमाल काढून हलवला. रहमतचाचांनी शिट्टी वाजवली, वरातीच्या दिवशी वाजली होती तितकीच लांब.

ताईचं रक्त थांबत नव्हतं. इमलाबाई जे करता येईल ते करत होती. तिचे हात कोपरापर्यंत भरले होते. गोंगलीला बाबा पुन्हा झुकले. मायनं मान हलवली, ठीक आहे म्हणून. तेव्हा ताईचा श्वास चालू होता. मी तिच्या केसांतून बोटं फिरवत होते. केसांत तणसाच्या काड्या अडकल्या होत्या आणि मी त्या एकेक काढत होते. काढता काढता मला कळलं की तिचं डोकं जड झालंय.

इमलाबाईनं हात मागे घेतले. मग पुढे होऊन तिनं ताईच्या डोळ्यांवरून तळवा फिरवला.

माझ्या तोंडून आवाज निघणार तोच मायनं माझं तोंड दाबलं. “कोनी रडाचं नाई,” ती सगळ्या डब्याला म्हणाली. “हिरडामालीले ते पाहतील. लेकरू थंड पडून राहिलं. त्यायचे हात थांबले तं हेबी जाईल. कोनी रडाचं नाई.”

डबाभर बाया बसल्या होत्या. कुणी रडलं नाही. मी वेणीची फीत दातांत धरली. हिरडामालीच्या फलाटावर बाबा इंजिनातून झुकले. काळं तोंड, त्यात पांढरे दात. ते हसत होते. माझ्या मायनं, जिच्या शेजारी तिची मेलेली लेक होती, त्यांच्याकडे बघून मान हलवली.

गोंदियाला गाडी थांबली तशी माय बाळाला घेऊन दवाखान्याकडे धावली, एका हमालाच्या मागे. बाबा लगेच आले नाहीत. मी खिडकीतून बघत होते. इंजिनाला पाणी भरायच्या मोठ्या नळाखाली त्यांनी डोकं धरलं होतं. साबण नव्हता, तर वाळू घेऊन तोंड घासलं, हात घासले, केसांतून बोटं फिरवली. नातीनं पहिल्यांदा बघायचं तर काळं तोंड नको म्हणून. मग ते फलाटावरून आमच्या डब्याकडे आले. इतकं स्वच्छ तोंड मी बाबांचं कधी पाहिलं नव्हतं. जळलेल्या भुवयांखाली कातडी गुलाबी दिसत होती.

त्यानंतरचं मी सांगत नाही.

भाऊजी दुसऱ्या दिवशी आले. मसणातून परतल्यावर ओसरीत भिंतीला टेकून बसले. कापसात गुंडाळलेलं बाळ मायनं त्यांच्यापुढे धरलं. “माह्या घरी कोन पाहील हिले,” ते म्हणाले. माय म्हणाली, “राहू द्या इथं.” त्यांनी वर्षभरात दुसरं लग्न केलं. पोरीला बघायला ते एक-दोनदा येऊन गेले, मग येणं थांबलं. आम्ही त्यांना बोलावलं नाही.

पोरगी जगली. दुधात वात भिजवून भिजवून मायनं तिला जगवलं. वनिता नाव ठेवलं. ती रांगायला लागली तेव्हा बाबा तिला शेडमध्ये न्यायला तयार होईनात. घरी आले की तासभर विहिरीवर आंघोळ करायचे, मगच तिला घ्यायचे.

ते त्याच इंजिनावर, त्याच लाईनवर काम करत राहिले. दुसरं काय करणार होते? रहमतचाचांनी फार सांगूनही त्यांनी ड्रायव्हरची परीक्षा दिली नाही. समोर बघणारं काम त्यांना नको होतं. त्यांनी पुन्हा कधी मोळी फेकली नाही. गार्डनं हाक मारली तरी ऐकू न आल्यासारखे भट्टीकडे तोंड करून उभे राहत. देवळगावला गाडी थांबली की उतरून ते मागे जात आणि बायांच्या मोळ्या स्वतः डब्यात चढवून देत. इमलाबाई दरवेळी विचारायची, “पोरगी कशी हाये?” बाबा म्हणायचे, “चांगली हाये.” तिच्याशी ते एवढंच बोलत. वर्षानुवर्षं एवढंच.

मायशी मात्र त्यांचं बोलणं तुटलं. भांडण नव्हे. जेवताना, कपडे काढून ठेवताना, कधीही, मधेच ते विचारायचे, “हिरडामालीले तू मान काऊन हलवली?” पहिल्या वर्षी मायनं सांगितलं होतं, बाळासाठी. ते ऐकून घेत. काही महिन्यांनी पुन्हा विचारत, जसं काही पहिल्यांदाच विचारताहेत. पुढे पुढे माय उत्तर देईनाशी झाली. ती त्यांच्या ताटात भात वाढायची आणि आत निघून जायची. चूक कुणाचीच नव्हती, आणि म्हणूनच ते संपलं नाही.

मग डिझेलची इंजिनं आली. काळी इंजिनं शेडमागच्या रुळावर एकामागे एक उभी करून ठेवली. पावसाळ्यात त्यांच्या चाकांत गवत उगवलं, चिमण्यांनी धुराड्यात घरटी केली. पितळी पाट्या कुणी काढून नेल्या. एक दिवस गॅसची नळकांडी घेऊन माणसं आली आणि त्यांनी इंजिनं कापायला सुरुवात केली. बाबा कुंपणाबाहेर उभे होते. घरी येऊन त्यांनी पाणीही घेतलं नाही. संध्याकाळी मायला म्हणाले, “भट्टी कापली आज.” माय चुलीपुढे होती. ती उठून आली, त्यांच्या शेजारी बसली. त्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही. पुढे छोटी लाईनही उखडली, मोठी आली. इमलाबाईंच्या डब्याचं काय झालं, त्या बाया कशानं गोंदियाला येऊ लागल्या की आल्याच नाहीत, मला ठाऊक नाही. बाबा गेले, दोन हिवाळ्यांनी माय गेली.

वनिता आता तिरोड्याला असते. तिचा मुलगा कॉलेजात आहे. तेरवीचं कळवलं तेव्हा ती म्हणाली, “मावशी, मी येऊन काय करू? तिथं मला कोण ओळखतं?” तिचंही खोटं नव्हतं.

देवळगाव यायच्या आधीपासून मी खिडकीला डोळे लावून बसले होते. तो चढ कुठला हे मला कळलं नाही. मोठ्या लाईनसाठी जमीन कापून सपाट केली असेल, की या इंजिनाला चढ जाणवतच नसेल. जंगल आलं, विरळ झालं, शेजारच्या पोरानं चिवड्याची पुडी फोडली आणि देवळगावची पाटी येऊन गेली.

केशोरीत माणसं जेवून पांगली तेव्हा भाऊजींची दुसरी बायको माझ्याजवळ येऊन बसली. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. ठेंगणी, पांढऱ्या केसांची, दिवसभर वाढून थकलेली. तिनं माझी विचारपूस केली, मुलाबाळांची केली. मग हळूच म्हणाली, “ते पोरगी कशी हाये?”

मी मोबाईलमधला वनिताचा फोटो काढून तिच्या हातात दिला. तिनं तो लांब धरून पाहिला, मग जवळ आणून पाहिला. बराच वेळ.

“मायवर गेली का हे?” तिनं विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं. ताईचे सोललेले हात मला दिसले, बांगड्या ऐकू आल्या. थंड पाय आठवले, केसांतल्या काड्या आठवल्या, कपाळावरचा काळा पंजा आठवला. त्या पंजाखालचा चेहरा आठवेना. आमच्या घरात तिचा एकही फोटो नव्हता; तेव्हा कोण काढत होतं? मी डोळे मिटून पाहिलं. नाही आठवला.

“मला तिचा चेहरा आठवत नाही हो,” मी म्हणाले.

तिनं मोबाईल माझ्या मांडीवर ठेवला. “त्यायलेबी नाई आठवे,” ती म्हणाली. “शेवटी शेवटी मलेच इचारत, कशी दिसत होती म्हून. आता मी कुठं तिले पाह्यलो?”

“मग तुम्ही काय सांगायच्या?”

अंगणात पोरं पत्रावळी गोळा करत होती. तिनं तिकडे पाहिलं.

“सांगो, चांगली होती दिसाले,” ती म्हणाली. “मंग निजत.”